टिचकीचा दर

आत्याच्या टिचकीच्या गोष्टी पुष्कळ होत्या, आणि त्यातल्या निम्म्या तिनेच पसरवलेल्या होत्या. नव्या इमारतीच्या भिंतीवर तिने एकदा जाता जाता टिचकी मारली, तो आवाज ऐकून कंत्राटदार मागच्या दाराने जो पळाला तो दुसऱ्या शहरात जाऊन न्हावी झाला. कलिंगडवाल्यासमोर ती उभी राहिली की कच्ची कलिंगडं धाकानेच पिकत. पाण्याच्या टाकीला टिचकी मारून ती टाकी कुठल्या वारी गळणार ते सांगे, आणि टाकीची तरी काय बिशाद, दुसऱ्या वारी गळण्याची.

यातलं खरं किती ते त्या टाकीला माहीत. पण एक गोष्ट सोळा आणे खरी, की कपबश्यांच्या कारखान्यात आत्याने सगळी नोकरी टिचक्या मारण्यात काढली. भट्टीतून निघालेले कप सरकत्या पट्ट्यावरून तिच्यापुढे येत. मधल्या बोटाचं नख काठावर बसलं की चांगला कप खणखणीत बोले, तडा गेलेला बद्द बोले. खणखणीत तो पुढे, बद्द तो पायाशी ठेवलेल्या पिंपात.

निवृत्त झाल्यावर बाई स्वस्थ बसली, बोट बसेना. घरातल्या भांड्यांना टिचक्या मारून झाल्या, शेजाऱ्यांच्या कुंड्यांना झाल्या. बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या गृहस्थाच्या हेल्मेटला टिचकी बसली आणि त्याने वळून पाहिलं, तेव्हा आत्या शांतपणे म्हणाली, "बदलून घ्या." त्याच आठवड्यात भाच्याने तिला एक वेबसाइट करून दिली. म्हटलं, निदान लोकांची डोकी वाचतील.

वेबसाइटचं नाव 'टिचकी'. पडद्यावर फळ्या मांडलेल्या, फळ्यांवर कप मांडलेले, आणि प्रत्येक कपाखाली दोन शब्द: टिचकी मारा. कपावर बोट टेकलं की तो वाजे. खऱ्या कपाचा खरा आवाज. लोक आपापल्या कपांचे फोटो आणि आवाज पाठवत. आत्या ते कान देऊन ऐके, पंख्याची घरघर आणि कुत्र्याचं भुंकणं कापून टाके, मग कप फळीवर चढे. तडा गेलेल्यांची फळी वेगळी होती. त्या फळीवर पाटी होती: 'यांना हसू नये.'

येणारी माणसं मोजकीच, पण जी येत ती रोज येत, आणि दुसऱ्याच्या घरी आल्यासारखी पाय पुसून येत. आत्याला त्याचा फार अभिमान.

भाचेसुनेला मात्र त्या मोजकेपणाचं वाईट वाटे. ती जाहिरातींच्या कचेरीत होती; कंपन्यांच्या जाहिराती लोकांच्या साइटवर लावायच्या, हे तिथलं काम. मनाने वाईट नव्हती. फक्त आकडा दिसला की तिला तो वाढवावासा वाटे, जसं काहींना झाड दिसलं की पाणी घालावंसं वाटतं.

"आत्या, एक जाहिरात लावू या ना तुमच्या साइटवर," ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. "छंदाने आपलं पोट आपण भरावं."

"छंद काय घरजावई आहे, त्याला पोट भरायला लावतेस?"

"अहो, एक पट्टी फक्त. अगदी खाली. कुणाला दिसणारही नाही."

"दिसणार नाही तर लावायची कशाला?"

याचं उत्तर भाचेसुनेच्या कचेरीतही कुणाकडे नव्हतं. पण पोरीने तोंड एवढंसं केलं, आणि आत्या विरघळली. फळ्यांच्या खाली, पायपुसण्यासारखी, एक पट्टी लागली. तीत कधी गुडघ्याचं तेल येई, कधी टकलावर केस उगवून देणारा डॉक्टर हसत उभा राही. आत्याच्या माणसांनी त्या पट्टीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर पायपुसण्याकडे कोण बघतं?

मग जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीचं पत्र आत्याच्या फोनवर येऊन पडलं. भाषा अशी, की इस्त्री करून पाठवलेली. 'आपल्या संकेतस्थळाचा टिचकी दर असमाधानकारक आहे. आपण टिचकी दर तातडीने वाढवावा.'

आत्याने ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि तिचा पारा चढला तो स्वयंपाकघरातल्या कुकरच्याही वर.

नोकरीभर लाखो टिचक्या मारल्या, त्याला पगार घेतला हे खरं. पण निवृत्तीनंतर कुणाकडून टिचकीचा एक छदाम घेतला नव्हता. कप वाजवायला लोकांना फुकट दिला होता. आणि ही कुठली कोण कंपनी, जिचं तोंड पाहिलं नाही, ती म्हणते दर वाढवा. वाढवा म्हणजे आधी काही तरी घेतच होतो, असा वर आळ. आत्याने उत्तर लिहिलं: 'आमच्याकडे टिचकीला दर नाही, कधी नव्हता, असणार नाही. तुमच्याकडे असेल तर तो तुम्हाला लखलाभ.' एवढ्याने समाधान होईना म्हणून वेबसाइटच्या दारातच मोठ्या अक्षरांत सूचना लावली: 'काही लोक टिचकीचा दर मागत फिरत आहेत. देऊ नये. आत्या.'

ती सूचना पाहून भाचेसून दुपारीच धावत आली. येताना रस्ताभर हसली असावी, कारण डोळ्यांचं काजळ गालावर आलं होतं.

"आत्या, दर म्हणजे भाव नाही हो. दर म्हणजे प्रमाण. शंभर जणांनी जाहिरात पाहिली, तर त्यातल्या किती जणांनी क्लिक केलं, तो क्लिकचा दर. पत्रात त्याला टिचकी दर म्हटलंय."

"आणि आपला किती?"

"शून्याच्या जवळपास."

"म्हणजे शंभरातल्या शंभर जणांना अक्कल आहे," आत्या म्हणाली. "एवढ्यासाठी अभिनंदनाचं पत्र यायला हवं होतं."

"असं नसतं हो. दर वाढला नाही तर ते जाहिराती काढून घेतील."

"मग निघाली ना पीडा?"

 भाचेसून हळूच म्हणाली की कचेरीत सगळे मोठमोठ्या दुकानांच्या साइट घेऊन बसलेत, तिने या छोट्या साइटवर दर वाढवून दाखवला तर साहेब तिला एका विभागाची प्रमुख करणार आहेत. पोरगी बरीच वर्षं त्या खुर्चीकडे बघत होती, हे आत्याला माहीत होतं.

"बरं," आत्या म्हणाली. "पायपुसण्याला काय रंग द्यायचा तो दे. पण माझ्या फळीला हात लावायचा नाही. लावणार नाहीस ना?"

"नाही लावणार."

शब्द दिला गेला. भाचेसुनेने पट्टी पिवळी केली, मग लाल केली, मग ती थरथरती केली. टकलावर केस उगवून देणारा डॉक्टर डोळे मिचकावू लागला. काही फरक नाही. आत्याची माणसं टसची मस झाली नाहीत. आत्या रोज मागच्या दाराने, म्हणजे मालकाच्या पासवर्डने, आत शिरे. त्या दाराने गेलं की जाहिराती दिसत नसत, फक्त फळ्या आणि कप. फळ्या जागच्या जागी होत्या. आत्या निश्चिंत होती.

आणि मग एकाएकी दर वाढला. असा वाढला, की भाचेसुनेच्या कचेरीत म्हणे आधी सगळ्यांना यंत्र बिघडल्यासारखं वाटलं. साहेबांनी स्वतः येऊन तिच्या टेबलाशी उभं राहून विचारलं, काय केलंस? तिने फोन करून आत्याला ते सांगितलं. आत्याला पोरीचं कौतुक वाटलं, म्हणाली, "डॉक्टरला केस आले वाटतं शेवटी."

तीन-चार दिवसांनी सकाळी पोस्टमनचा निरोप आला.

हे पोस्टमन म्हणजे 'टिचकी'च्या अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी. आता निवृत्त. त्यांच्या बायकोने त्यांचा कप पाठवला होता, काठाला पिवळी रेघ असलेला, साधासा. आवाजही तिनेच फोनवर घेतला होता. नख बसतं, टिण् होतं, तो नाद विरत जातो, आणि अगदी शेवटी, कपापासून जरा लांबून, तीच बाई म्हणते, "अहो, निवतोय."

पंख्याची घरघर कापणाऱ्या आत्याने ते दोन शब्द कापले नव्हते. का नाही कापले ते तिने कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. नंतर ती बाई गेली. कप पुढे घर बदलताना फुटला. फळीवरचा तेवढा उरला. पोस्टमन रोज सकाळी चहा ओतून घेत, फळीपाशी येत, पिवळ्या रेघेवर एकदा टिचकी मारत आणि जात. कधी काही लिहीत नसत. त्या दिवशी लिहिलं होतं.

'आत्या, नमस्कार. माझ्या ऐकण्यात काही दोष झाला असेल तर कळवावे. कपाला टिचकी मारली की हल्ली कप बोलत नाही. एक हसरी बाई पुढे येते आणि विचारते, एकटे आहात का. हो म्हटलं की ती वय आणि आवडनिवड विचारते. मी परत मागे येतो आणि पुन्हा टिचकी मारतो. वाटतं, या वेळी लागेल. आज सकाळपासून तेच करतो आहे. माझं कुठे चुकतं ते सांगा, म्हणजे तसं मारणार नाही.'

आत्याने मागचं दार सोडलं आणि प्रथमच परक्यासारखी पुढच्या दाराने आपल्याच घरात गेली. फळी होती, कप होते. पिवळ्या रेघेवर तिने टिचकी मारली. पडदा पांढरा झाला आणि दात दाखवत एक बाई आली: 'एकटे आहात? मनाजोगती जोडीदार फक्त एका टिचकीवर.'

आत्याच्या कानशिलाशी रक्त इतक्या जोरात वाजायला लागलं, की खालच्या मजल्यावरच्यांनी कुणी दार ठोठावतंय का म्हणून दार उघडून पाहिलं, असं ते लोक अजून सांगतात. तिने भाचेसुनेला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग तिने चपला घातल्या.

जाहिरातींची कचेरी चौथ्या मजल्यावर होती आणि आत्या लिफ्टची वाट पाहण्याच्या मनःस्थितीत नव्हती. वर टेबलामागच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "कुणाला भेटायचंय? वेळ ठरलीय का?"

"नातं ठरलंय," आत्या म्हणाली, आणि चालत राहिली.

काचेच्या खोलीत बैठक चालली होती. भिंतीवर भला मोठा पडदा, पडद्यावर एक हिरवी रेघ, डोंगर चढून निघालेली. भाचेसून पडद्यापाशी उभी होती, नवी साडी नेसून. आत्याला दारात पाहून तिचा चेहरा उजळला, आणि आत्याचा चेहरा पाहून पुन्हा उतरला.

"या या," साहेब उठून म्हणाले. "कपवाल्या आत्या ना? तुमच्याच साइटचं चाललंय. अरे, चहा द्या."

कागदी कपातून चहा आला. आत्याने सवयीने त्याला टिचकी मारली. कप नुसता हलला.

"माझ्या फळीला हात लावायचा नाही असं ठरलं होतं," आत्या भाचेसुनेकडे बघत म्हणाली.

"नाही लावला, आत्या. खरंच. फळी तशीच आहे, कप तसाच आहे. कपावर फक्त एक पारदर्शक जाहिरात ठेवलीय. काच ठेवल्यासारखी."

"आणि कितीतरी कपांमधून तोच का सापडला?"

"त्याच्यावर सगळ्यात जास्त टिचक्या पडतात. रोज सकाळी, न चुकता. आकडे बघूनच निवडला."

आत्याने फोन तिच्यापुढे धरला. भाचेसुनेने निरोप वाचायला घेतला. साहेबही तो वरवर पाहून समजावू लागले होते, "कुणाला काय दाखवायचं ते आपण ठरवतच नाही, आत्या. यंत्र ठरवतं. माणूस रोज त्याच वेळी येतो, वय झालेलं, घरात दुसऱ्या कुणाचा फोन नाही, म्हणजे एकटा असणार. बरोबर ओळखलं की नाही?"

"ओळखलं," आत्या म्हणाली. "आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनाही ते ओळखता येतं. पण ओळखलं म्हणून कुणी त्याच्या दारात जाऊन ओरडत नाही."

"पण ते क्लिक करतायत ना? नको असतं तर एकदा करून सोडून दिलं असतं. हे तर पुन्हा पुन्हा करतायत."

"साहेब, दार आतून लागलं तर माणूस कडी वाजवत राहतो. त्याला कडीचा आवाज आवडतो असं म्हणाल का तुम्ही?"

खोलीतल्या कुणीतरी खोकल्यासारखं केलं. भाचेसून मात्र ऐकत नव्हती. तिने निरोप वाचून संपवला होता आणि ती भराभर पडद्यावर काहीतरी उघडत होती. हिरव्या रेघेच्या पोटात रकाने होते. कुठून टिचकी पडली, कधी पडली. तिने ते वरून खाली पाहिले, मग खालून वर पाहिले.

"साहेब," ती म्हणाली, "हा सगळा एकच माणूस आहे."

"कोण?"

"हा डोंगर. बाकी कुणी क्लिक केलेलंच नाही. एकटे पोस्टमनच चढतायत."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. माणूस हुशार होता, क्षणात सावरला. "हरकत नाही. एकाचं जमलं तर अनेकांचं जमेल. प्रत्येक साइटवर असा एक कप असतोच. तो शोधायचा, एवढंच."

आत्याने भाचेसुनेच्या मनगटावर हात ठेवला. "ती काच काढ आधी. मग काय वाजतं ते यांना ऐकव."

"आत्ता नको," साहेब म्हणाले. "बैठक होऊ दे. आकडा पडेल."

भाचेसुनेने काच काढली. मग तिने पिवळ्या रेघेवर टिचकी मारली, आणि भिंतीवरच्या मोठ्या स्पीकरमधून कप वाजला. टिण्. नाद काचेच्या खोलीभर फिरला, विरला, आणि कुठल्याशा लांबच्या स्वयंपाकघरातून एक बाई म्हणाली, "अहो, निवतोय."

टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी नकळत आपापल्या चहाकडे पाहिलं. एकाने तर घोटही घेतला.

साहेबांनी डोळे मिटले होते. आत्याला वाटलं, लागलं याला. त्यांनी डोळे उघडले.

"सुंदर," ते म्हणाले. "फारच सुंदर. तुम्ही म्हणता ते पटलं मला. कपावर जाहिरात चुकीचीच होती. आवाज वाजू द्यायचा. आणि 'निवतोय' म्हटल्याबरोबर चहाची जाहिरात. किंवा थर्मासची. माणूस नाही म्हणूच शकणार नाही."

आत्या उठली. तिचं मधलं बोट अंगठ्यात अडकलं होतं, आणि नजर साहेबांच्या कपाळाच्या बरोबर मध्यावर होती. नोकरीभर ज्या बोटाने भट्टीतल्या कपांचा निकाल लावला, ते बोट सुटलं असतं तर साहेब चौथ्या मजल्यावरून थेट तळमजल्यावर नोकरीला लागले असते. भाचेसुनेने मध्ये येऊन तो हात धरला.

"नको, आत्या," ती म्हणाली. "कसा वाजेल ते मला माहीत आहे. रोज ऐकते."

मग ती साहेबांकडे वळली. आवाज चढला नव्हता, पण आत्याने तसा आवाज पट्ट्यावर हजारो वेळा ऐकला होता. भट्टीतून व्यवस्थित निघालेला. "मी आत्यांना शब्द दिला होता फळीला हात लावणार नाही. काच म्हटलं की शब्द मोडत नाही अशी मी माझीच समजूत घातली. ती बाई गेलेली आहे साहेब. तिच्या तोंडात आपण थर्मास कोंबायचा?"

"भावना समजू शकतो मी—"

"नाही समजत तुम्हाला. मलाही नव्हती समजली, पण मी निदान लाजतेय." तिने पडद्यावर आणखी दोन ठिकाणी बोट टेकवलं. पिवळी, लाल, थरथरती पट्टीही गेली, डॉक्टर केसांसकट गेला. हिरवी रेघ कड्यावरून अशी कोसळली, की पहिल्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी पाय वर घेतले. "आता ही साइट आपल्याकडे नाही. दुसऱ्या कुणाचा कप शोधायचा असेल तर तो मी शोधणार नाही. खुर्ची द्यायची त्याला द्या."

दोघी जिन्यानेच उतरल्या.  उतरताना भाचेसून प्रत्येक पायरीवर बोलत होती, साहेबांवर, यंत्रावर, स्वतःवर, आणि तिसऱ्या मजल्यापासून पुढे आत्यावरही. निदान पासवर्डवाल्या दाराने न जाता एखाद्या दिवशी तरी पुढच्या दाराने जायचं होतं, मालकीणबाई म्हणवता ना? आत्याने ते ऐकून घेतलं. त्यात तिला खणखणीत नाही असं काही सापडलं नाही.

घरी येऊन तिने पोस्टमनना लिहिलं, 'चूक तुमची नव्हती. आमची होती. कप बोलतो आहे.' ती हसरी बाई कोण होती, ते त्यांनी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचं इस्त्रीचं पत्र आलं: आपला टिचकी दर शून्य झाल्याने आपले खाते बंद करण्यात येत आहे. आत्याने उत्तरात लिहिलं, 'वाचून आनंद झाला,' आणि मग तेवढ्याने राग जाईना म्हणून खाली आणखी काही ओळी लिहिल्या, ज्या इथे देता येत नाहीत.

भाचेसून त्या दिवशी कामावर न जाता आत्याच्या स्वयंपाकघरात बसली होती, लॅपटॉप मांडीवर घेऊन, नाक लाल. खुर्ची गेलीच होती. खालची खुर्ची राहते की नाही तेही कळलं नव्हतं. आत्याने तिच्यापुढे चहा ठेवला आणि हात पुसत विचारलं, "आले का ते?"

"आले होते. मगाशीच."

"मग?"

"एकदाच मारली."

"एकदाच?"

"एकदाच. मग गेले."

आत्या ओट्याला टेकून उभी राहिली. "म्हणजे ऐकू आलं," ती म्हणाली. "पी आता."